बर्फावरील उड्या आणि स्कीची निवड

आपल्या भागातील मुलांना बर्फ ठाऊक असतो तो दोनच रूपांत. उन्हाळ्याच्या तोंडी अवकाळी पावसाबरोबर पडणाऱ्या गारा हे एक रूप, आणि रसवंतीच्या दुकानात गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी हे दुसरे. मी मूळचा कारवारकडचा. लहानपणी बंदरावर मासळीच्या पेट्यांत भरण्यासाठी बर्फ फोडीत, तेव्हा जे तुकडे उडत ते आम्ही मुले चोखीत असू. यापलीकडे माझाही बर्फाशी परिचय नाही. तेव्हा बर्फावरून घसरत जाऊन अधांतरी उड्या घेणाऱ्याने पायांत कोणत्या प्रकारच्या स्की बांधाव्यात, या विषयावर मी लेख लिहावा, याचे वाचकांस नवल वाटेल. म्हणून प्रथम या लेखाचे निमित्त सांगणे प्राप्त आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. उत्तरेकडील एका डोंगराळ गावी तो हॉटेलात नोकरीस आहे. हिवाळ्यात तेथे कमरेइतका बर्फ साचतो. तीन हिवाळ्यांत त्याने घसरण्याची विद्या बऱ्यापैकी साध्य केली, आणि मग त्याला उड्यांचा नाद लागला. तेथील मुले फावड्यांनी बर्फ ओढून उंचवटा रचीत व त्यावरून उड्या घेत. यानेही ओळखीच्या एका इसमाकडून स्कीचा जुना जोड विकत घेतला. जोड लांबलचक, लालभडक आणि चकचकीत होता. तिसऱ्याच उडीत तो पडला. पडताना बूट स्कीपासून सुटावयास हवा होता, तो सुटला नाही आणि उजवा गुडघा पिळवटला. सहा महिने उपचार झाले. मजकडे आला तेव्हाही तो जिना उतरताना कठड्याला धरीत होता. त्याने तो जोड वाकळीत गुंडाळून बरोबर आणला होता, आणि हातात एक इंग्रजी मूल्यपत्रिका होती.

"मागच्या खेपेला रंग बघून घेतलं, सर," तो म्हणाला. "आता वाचून घ्यायचं आहे. पण ह्यातलं निम्मं समजत नाही."

मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. मूल्यपत्रिकेतील शब्द मला कळत होते, पण त्यांमागील वस्तू कळत नव्हत्या. आमच्या शास्त्रशिक्षकांना बोलावून घेतले, आणि आम्ही तिघांनी शाळेच्या ओसरीवर तीन संध्याकाळी या विषयात घालविल्या. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते येथे देत आहे. स्की हा खेळ आपल्या राज्याला आता अगदीच परका राहिलेला नाही, हेही सांगावयास हवे. कॉफीच्या मळ्यांच्या कोडगू जिल्ह्यातील भवानी तेक्कड नंजुंडा या खेळाडूने २०२४ साली गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत कर्नाटकासाठी सुवर्णपदके मिळविली. तिचा प्रकार बर्फावरून लांब पल्ला चालत-घसरत जाण्याचा, उड्यांचा नव्हे. पण जेथे बर्फ पडत नाही तेथील मुलीच्या पायांतही स्की शोभते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

स्की म्हणजे बुटाखाली बांधावयाची लांब, अरुंद, लवचिक पट्टी. दोन पायांच्या दोन मिळून जोड होतो. नॉर्वे-स्वीडनकडील लोक हजारो वर्षे हिचा उपयोग प्रवासासाठी व शिकारीसाठी करीत आले. तिचा खेळ झाला तो एकोणिसाव्या शतकात. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मॉर्गेदाल या खेड्यात १८२५ साली जन्मलेला सोंद्रे नोरहाइम हा गरीब कूळ शेतकरी या खेळाचा जनक मानला जातो. पूर्वी बुटाचा पुढचा चवडाच तेवढा स्कीला बांधलेला असे, त्यामुळे उडीत स्की पायातून निसटून जाई. नोरहाइमने पीळ दिलेल्या लवचिक फांद्यांचा बंध टाचेभोवती आणला आणि स्की पायाला धरून राहू लागली. शिवाय त्याने स्कीला कंबर दिली, म्हणजे दोन्ही टोकांकडे रुंद आणि मध्ये निमुळती, डमरूच्या ढंगाची. अशी स्की कडेवर कलती केली की ती धनुष्यासारखी वाकते आणि आपोआप वळण घेते. १८६८ साली ख्रिस्तियाना येथे, म्हणजे आजच्या ऑस्लोत, त्याने आपले कौशल्य दाखविले, तेव्हा राजधानीचे लोक थक्क झाले. पुढे हा मनुष्य पोट भरण्यासाठी अमेरिकेस गेला आणि १८९७ साली तेथेच वारला. पायाला धरून राहणारा बंध आणि मधली कंबर या त्याच्या दोन गोष्टी उतारावरून घसरण्याच्या आजच्या बहुतेक स्कींत आहेत.

परंतु आपणांस हवी असलेली, उड्यांसाठीची खास स्की ही फार अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक स्कींचे पुढचे टोक तेवढे वर वळलेले असे, शेपूट सपाट. पुढे जाण्यासाठी ते ठीकच होते. पण हवेत फिरून उलट तोंडाने, पाठ पुढे करून, जमिनीवर यावयाचे असेल तर सपाट शेपूट बर्फात रुतते आणि माणूस आडवा होतो. कॅनडातील काही तरुण खेळाडूंनी दोन्ही टोके वळलेल्या स्कीची कल्पना फ्रान्सच्या सालोमॉन कंपनीपुढे मांडली, आणि १९९८ साली 'टेन-एटी' नावाची स्की बाजारात आली. नावाचा अर्थ एक हजार ऐंशी. अंशांत मोजाल तर पुऱ्या तीन गिरक्या. त्याच सुमारास अमेरिकेतही असे प्रयोग चालू होते. त्यानंतर मात्र हा खेळ झपाट्याने वाढला. २०१४ साली सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये उड्या व अडथळे यांच्या उतारावरील स्पर्धेला स्थान मिळाले, आणि २०२२ साली बीजिंग येथे एकाच प्रचंड उडीची स्पर्धा आली. ही बीजिंगची उडी शौगांग नावाच्या जुन्या पोलाद कारखान्याच्या आवारात, अजस्र शीतक मनोऱ्यांच्या शेजारी, उभारली होती. वाडी जंक्शनवरून जाताना सिमेंट कारखान्याची धुराडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या देखाव्याची थोडी कल्पना येईल. तेथे चीनतर्फे खेळणाऱ्या अठरा वर्षांच्या आयलीन गू हिने शेवटच्या उडीत १६२० अंशांची फिरकी घेऊन सुवर्णपदक जिंकले. मुलांनो, १६२० ला ३६० ने भागून पाहा. साडेचार येतात. त्या अर्ध्या गिरकीचा अर्थ असा की, ज्या तोंडाने उड्डाण केले त्याच्या उलट तोंडाने जमिनीवर यावे लागते. दोन्ही टोके वळलेली असण्याचे प्रयोजन या एका भागाकारातून ध्यानी यावे.

आता उडीच्या जागेकडे वळू. उड्यांसाठी मुद्दाम रचलेल्या मैदानात चार भाग असतात. वेग घेण्याचा उतार, वर उचलणारा उंचवटा, त्यापुढील सपाटी, आणि सपाटीच्या पलीकडे पुन्हा खाली जाणारा उतार. उडी घेणाऱ्याने सपाटी ओलांडून पलीकडील उतारावर उतरावयाचे असते. उतारावरच का? येथे शास्त्रशिक्षकांनी खडू हातात घेतला. त्यांनी फळ्यावर मांडलेले गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज समजेल.

समजा, जमिनीला टेकण्याच्या क्षणी उडी घेणाऱ्याचा आडवा वेग सेकंदाला ८ मीटर आहे आणि खाली येण्याचा वेग ६ मीटर. एकूण वेग १० मीटर झाला. ३, ४, ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण येथे दुप्पट होऊन उभा आहे. जमीन सपाट असेल तर खाली येणारा ६ मीटरचा सगळाच्या सगळा वेग गुडघ्यांनी आणि घोट्यांनी जिरवावा लागतो. १.८४ मीटर उंचीवरून, म्हणजे उंच माणसाच्या डोक्यावरून, सरळ खाली पडण्याइतका तो धक्का आहे. आता जमिनीस २५ अंशांचा उतार द्या. वेग तोच, माणूस तोच. परंतु उतारात शिरणारा, म्हणजे उताराशी काटकोन करणारा, वेगाचा भाग आता जेमतेम २ मीटर उरतो, आणि त्याचा धक्का सुमारे २२ सेंटिमीटर उंचीवरून पडण्याइतका होतो. ही झाली जिन्याची एक पायरी. उरलेला वेग उतारावरून पुढे घसरण्यात खर्च होतो, तो शरीराला सोसावा लागत नाही.

फळ्यावरील हे दोन आकडे पाहून आमचा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या उंचवट्याच्या पुढं उतार नव्हताच, सर. मैदानच होतं."

या विषयाचे सारे मर्म मला या ठिकाणी आढळले. पुढे मूल्यपत्रिकेतील प्रत्येक कलम आम्ही याच दृष्टीने वाचले : उडी घेताना ही वस्तू कशी वागेल हे नंतर पाहू, आधी ती उतरताना कशी वागेल ते पाहू. आपल्या शाळेतही क्रीडामहोत्सवापूर्वी लांब उडीचा हौद खणून वाळू भुसभुशीत करतात. शहाबादी फरशीवर उडी घ्यावयास कोणी सांगत नाही. स्कीचेही तसेच. चांगली स्की ही वाईट जागेचे औषध होऊ शकत नाही. मूल्यपत्रिकेत हे कोठे छापलेले नव्हते. ते त्यांनी छापावे अशी अपेक्षाही धरता येत नाही.

जाणकारांचा पहिला सल्ला आहे तो बुटाबद्दल : पैसा थोडा असेल तर तो प्रथम बुटांवर खर्च करावा. स्कीचा बूट कठीण कवचाचा असतो, आणि पायाची हालचाल स्कीपर्यंत पोहोचते ती त्याच्याच द्वारे. आपल्याकडे वाढत्या अंगाच्या मुलांस एक माप मोठे पायताण घेण्याची रीत आहे. मलाही माझ्या वडिलांनी तसेच घेऊन दिले आणि पुढे कापूस कोंबून मी ते दोन वर्षे वापरले. स्कीच्या बुटात ही काटकसर महाग पडते. आत पाय हलला की स्की उशिरा वळते, आणि उतरताना नडगीवर बुटाचा काठ आदळतो. बोटे पुढे टेकावीत, गुडघे वाकविल्यावर ती किंचित मागे सरावीत, टाच उचलली जाऊ नये. असा बूट मिळाला म्हणजे मगच स्कीकडे पाहावे.

लांबीच्या बाबतीत आमच्या मित्राची मोठी फसगत झाली होती. त्याची उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६० किलो. त्या लाल स्कीची लांबी आम्ही टेपने मोजली, ती १८६ भरली. माझे मामा वल्हे घेताना ते शेजारी उभे करून आपल्या कपाळाशी ताडून पाहत, मगच पैसे देत. स्कीचीही प्रथम परीक्षा अशीच आहे. उड्यांच्या स्कीचे टोक साधारणतः हनुवटी आणि टाळू यांच्या दरम्यान यावे. नवशिक्याने खालच्या बाजूस राहावे. मोठ्या उड्या व मोठा वेग ज्याला साधला आहे त्याने टाळूच्या जवळ जावे, कारण लांब स्की वेगात डगमगत नाही आणि उतरताना पायाखाली जास्त आधार देते. मग सर्वांनीच लांब का घेऊ नये? कारण ती हवेत फिरवावी लागते. एकाच जाडीची व रुंदीची सरळ पट्टी मध्यावर धरून फिरविली, तर तिचा फिरण्यास होणारा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १६४ ऐवजी १८६ सेंटिमीटर घेतली तर लांबी फक्त तेरा टक्क्यांनी वाढते, पण हा विरोध सुमारे सेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. खरी स्की मध्ये जाड व टोकांना पातळ असते, त्यामुळे आकडा थोडा बदलेल, दिशा बदलणार नाही. आणखी एक बारकावा असा की, दोन्ही टोके वर वळलेल्या स्कीचा बर्फाला टेकणारा भाग तिच्या एकूण लांबीपेक्षा बराच कमी असतो. म्हणून सपाट शेपटाच्या स्कीची सवय असलेल्याला तीच लांबी येथे आखूड भासते. छापील आकड्यावर सर्वस्वी विसंबू नये.

बूट स्कीवर कोठे बसवावयाचा, हा प्रश्न याला जोडूनच येतो. सरळ पुढे जावयाच्या स्कीत बूट मध्यापासून बराच मागे असतो, जेणेकरून पुढचे लांब टोक बर्फ कापीत जाईल. उड्यांच्या स्कीत तो बरोबर मध्यावर अथवा मध्याच्या दोन-चार सेंटिमीटर मागे बसवितात. समजा, स्की १८० सेंटिमीटर आहे आणि बूट मध्याच्या १० सेंटिमीटर मागे आहे. पुढे १०० आणि मागे ८० उरले. उलट तोंडाने उतरताना हे आखूड ८० पुढे येतात, आणि तोल सावरण्यास जागा कमी पडते. मध्यावर बसविलेल्या बुटाला दोन्ही दिशा सारख्याच.

आता लवचिकपणा. मूल्यपत्रिकांत याला एकपासून दहापर्यंत अंक दिलेले असतात, पण निरनिराळ्या कारखान्यांचे अंक परस्परांशी जुळत नाहीत, असे आम्हांस दिसून आले. तेव्हा अंकांपेक्षा अर्थ समजून घेणे बरे. आपल्याकडे कावडीचा बांबू पारखून घेतात. फार ताठ असला तर प्रत्येक पावलाला खांद्यावर आदळतो, फार मऊ असला तर घागरींच्या भाराने लोंबतो आणि चालणाऱ्याला झोकांड्या देतो. स्कीतही नेमके हेच घडते. मऊ स्की हळू वेगातल्या खेळांना, लोखंडी कठड्यांवरून घसरण्याला, टोकावर भार देऊन गिरक्या घेण्याला सोयीची. उडीवरून उतरताना मात्र ती वाकून जाते, आणि तोल जरा मागे गेला तर शेपूट दबून माणूस पाठीवर येतो. ताठ स्की हा भार पेलते, पण तिला वाकविण्यास वजन आणि कसब लागते. ९० किलोच्या माणसाला जी मध्यम वाटेल ती ६० किलोच्या माणसाला ओंडका वाटेल. तात्पर्य, उड्यांसाठी मध्यम ते ताठ, परंतु स्वतःच्या वजनाच्या हिशेबाने. लाल जोडाचे शेपूट शास्त्रशिक्षकांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिले, तर ते हलेचना.

स्की जमिनीवर नुसती ठेवली असता तिचा मध्य किंचित वर उचललेला असतो, त्या कमानीचे काम मालमोटारीच्या पाट्यांसारखे आहे. वर माणूस उभा राहिला की कमान सपाट होते आणि भार सबंध लांबीवर पसरतो. उड्डाणाच्या वेळी दाबलेली ही कमान सुटून थोडी उसळी देते, आणि घट्ट बर्फावर कडांना पकड देते. अलीकडे उलट कमानीच्या स्कीही निघाल्या आहेत. त्यांची टोके लवकर वर वळू लागतात. भुसभुशीत बर्फात त्या तरंगतात, पण दाबून घट्ट केलेल्या उताराच्या धावपट्टीवर त्या डळमळतात. उड्यांसाठी पायाखाली सरळ कमान आणि टोके जराशी मोकळी, ही जात बहुतेकांनी पसंत केलेली दिसते.

रुंदी, कडा आणि तळ यांविषयी थोडक्यात सांगतो. पायाखालची रुंदी ८५ ते ९५ मिलिमीटरच्या आसपास असली म्हणजे उड्यांच्या मैदानास पुरे. त्याहून रुंद स्की ताज्या खोल बर्फाची. कंबर फारच बारीक नसावी, नाही तर धावपट्टीवर सरळ जात असताना स्की मध्येच वळण घेऊ पाहते. दोन्ही बाजूंच्या पोलादी कडा जाड असाव्यात. लोखंडी कठड्यांवर खेळणारे लोक पायाखालच्या कडा मुद्दाम बोथट करतात, पण ज्याला उड्याच घ्यावयाच्या आहेत त्याने ते अनुकरण करू नये. तळ पॉलिथिलीनचा असतो. एका जातीचा स्वस्त व दुरुस्तीस सोपा, दुसऱ्या जातीचा महाग, पण इस्त्रीने वितळवून लावलेले मेण पिऊन घेणारा आणि वेगवान. वेग हा येथे चैनीचा विषय नाही. धावपट्टीवर तळ चिकटला, वेग कमी पडला, की माणूस पलीकडील उतारावर न पोहोचता मधल्या सपाटीवर आदळतो. आणि सपाटीचा हिशेब आपण वर मांडलाच आहे : १.८४ मीटर.

बुटाला स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीविषयी मात्र मला हात राखून लिहिता येणार नाही. आमच्या मित्राचा गुडघा गेला तो येथेच. ही पकड दुहेरी कामाची आहे. एरवी तिने बूट घट्ट धरावा, आणि पायावर मर्यादेबाहेर पीळ येताच तो सोडून द्यावा. ती मर्यादा एका स्क्रूने कमीजास्त करता येते आणि तिचा अंक छोट्या खिडकीत दिसतो. हा अंक माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि घसरण्याची पद्धत यांवरून तक्त्यात पाहून ठरवितात. अंक लहान ठेवला तर उतरतानाच्या साध्या धक्क्याने स्की अवेळी सुटते, मोठा ठेवला तर पाय मोडण्याची वेळ आली तरी ती सुटत नाही. लाल जोडाचा पूर्वीचा धनी धिप्पाड होता. खिडकीतील अंक त्याच्या वजनाचा होता, आणि विकणाऱ्याने वा घेणाऱ्याने तो बदलला नाही. स्क्रूचा पेच एवढा सोपा आहे की कोणालाही वाटावे, मीच फिरवितो. ते करू नये. यंत्रावर तपासून देणारे कारागीर असतात, त्यांच्याकडूनच ते करून घ्यावे, आणि बूट बदलला तर पुन्हा करून घ्यावे.

जुना जोड घेणे निषिद्ध आहे असे मात्र नाही. नव्याची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची असते. परंतु घेताना दोन्ही स्कींचे तळ एकमेकांस लावून टोकाकडून एक डोळा मिटून पाहावे, एखादी पिळवटली असेल तर फट वाकडी दिसते. कडेवरून नख फिरवीत जावे, चीर असेल तेथे ते अडकते. पूर्वीच्या पकडी काढून नव्या बसविल्याची किती भोके आहेत ती मोजावीत, कारण फार भोके पडलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही. आणि पकड इतकी जुनी नसावी की कारागीर तिला हात लावण्यास नकार देईल.

तिसऱ्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, निवड झाली. दोन्ही टोके वळलेली, १६४ सेंटिमीटर लांब, पायाखाली ८८ मिलिमीटर, सरळ कमान, मध्यम लवचिक. त्याहून एक पायरी ताठ अशी एक त्याच्या मनात भरली होती. मी गप्प राहिलो. शास्त्रशिक्षकांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिले, आणि त्याने बोट खालच्या ओळीवर आणले. मूल्यपत्रिकेत किमतीची बेरीज केली तर ठरविलेल्या रकमेतून थोडे पैसे उरत होते. त्यांचे शिरस्त्राण घ्यावयाचे ठरले. यंदा नवीन बर्फावर उड्या घ्यावयाच्या नाहीत, आणि पलीकडे उतार रचल्याशिवाय उंचवटा रचावयाचा नाही, असे त्याने आपण होऊन सांगितले. डॉक्टरांनी परवानगी दिली तर फेब्रुवारीत, असे ठरवून तो गेला.

लाल जोड त्याने परत नेला नाही. तो आता प्रयोगशाळेत काचेच्या कपाटाशेजारी भिंतीला टेकून उभा आहे. ज्यांना कुतूहल असेल त्यांनी शास्त्रशिक्षकांची परवानगी घेऊन तो पाहावा. टेप घेऊन बुटाची जागा मध्यापासून किती मागे आहे ते मोजावे, शेपूट दाबून पाहावे, आणि पकडीच्या खिडकीत अजून तोच जुना अंक आहे, तो वाचावा. स्क्रूला कोणी हात लावू नये.